पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै १९११ – २८ जानेवारी १९९७) हे मराठी संख्याशास्त्रज्ञ होते. नमुना पाहणीचा सिद्धान्त, पिकांच्या उत्पादनाचा अंदाज आणि लोकसंख्येतील कुपोषणाचे मोजमाप ही त्यांच्या संशोधनाची तीन प्रमुख क्षेत्रे होत. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक झाले. त्यांचे बहुतेक काम विद्यापीठाबाहेर, सरकारी आणि आंतरसरकारी कचेऱ्यांमध्ये झाले. सरकारी आकडा हा शास्त्रीय संशोधनाचा विषय होऊ शकतो आणि तो तसा व्हायला हवा, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर कृतीतून मांडली. त्यामुळे त्यांच्या वाट्याला दोन मोठे वाद आले. पहिला शेतातल्या पिकाच्या मोजणीचा होता आणि दुसरा माणसाच्या भुकेच्या मोजणीचा. पहिल्या वादात त्यांची बाजू बहुतांशी टिकली. दुसऱ्याबाबत अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही.

बालपण आणि शिक्षण

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या बुध या गावी झाला. खटाव हा पर्जन्यछायेतला, वारंवार अवर्षण सोसणारा तालुका आहे. वासुदेव व सुंदराबाई ही त्यांच्या आईवडिलांची नावे. प्राथमिक शिक्षण गावातच घेऊन ते पुढील शिक्षणासाठी पुण्याला आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली त्यांनी गणित हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन पदवी मिळवली. त्या काळी भारतात संख्याशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण जवळजवळ नव्हतेच. प्रशांतचंद्र महालनोबीस यांची भारतीय सांख्यिकी संस्था कलकत्त्यात १९३१ च्या अखेरीस नुकतीच स्थापन झाली होती. सुखात्मे यांनी १९३३ मध्ये लंडनची वाट धरली.

लंडनमधील वर्षे (१९३३–१९३६)

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुखात्मे पोहोचले त्याच सुमारास कार्ल पिअर्सन निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले होते. एक रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेला, तर दुसरा कार्ल यांचे पुत्र एगॉन पिअर्सन यांच्याकडे. १९३४ मध्ये पोलंडहून येर्झी नेमन हेही तेथे दाखल झाले. एकाच इमारतीत असलेल्या या दोन गटांचे आपसात मुळीच पटत नसे. आधुनिक संख्याशास्त्रातील काही मूलभूत कल्पना या भांडणातूनच तासून निघाल्या. सुखात्मे यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी दोन्ही बाजूंकडून शिकून घेतले. दोन नमुन्यांच्या सरासरींची तुलना करण्याच्या फिशर-बेहरेन्स कसोटीसाठी लागणारी कोष्टके त्यांनी गणिताने तयार केली आणि ती पुढे फिशर व येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहात समाविष्ट झाली. दुसरीकडे, नेमन यांच्या सिद्धान्तातला एक महत्त्वाचा दुवा त्यांनी जोडून दिला.

हा दुवा जोडणारा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पुरवणीत १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी सुखात्मे चोवीस वर्षांचे होते. त्यातील प्रश्न साध्या शब्दांत असा मांडता येईल. एखाद्या जिल्ह्यातील पिकाचे सरासरी उत्पादन काढायचे आहे, पण सर्व शेते मोजणे शक्य नाही. म्हणून जिल्ह्याचे तालुकावार स्तर करून प्रत्येक स्तरातून काही शेते निवडायची. कोणत्या स्तरातून किती शेते घ्यावीत? नेमन यांनी १९३४ मध्ये उत्तर दिले होते की, ज्या स्तरात शेता-शेतांतील फरक जास्त, तेथे शेतेही त्या प्रमाणात जास्त घ्यावीत. सगळीकडे सारखेच पीक असलेल्या तालुक्यात दोन शेते पाहिली तरी अंदाज येतो. कुठे काळी कसदार जमीन आणि कुठे मुरमाड माळ असलेल्या तालुक्यात तेवढ्याने भागत नाही. उत्तर बिनतोड होते, पण त्यात एक अडचण होती. शेता-शेतांतील फरक किती आहे हे मोजणीपूर्वी कोणालाच ठाऊक नसते. तो ठाऊक असता तर पाहणीचीही फारशी गरज उरली नसती. सुखात्मे यांनी दाखवले की, आधी एक छोटी चाचणी पाहणी करून हा फरक अंदाजाने काढला आणि त्या आधारे नमुना वाटून दिला, तरी बहुतेक परिस्थितीत नेमन यांच्या पद्धतीचा फायदा टिकून राहतो. कागदावरचा सिद्धान्त सरकारी खात्याला वापरता येईल असा झाला तो या पायरीमुळे.

१९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. द्विविभाजन फलनांवरील गणिती कामासाठी १९३९ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एससी. ही पदवी दिली.

भारतीय कृषी संशोधन परिषद

भारतात परतल्यावर सुखात्मे काही काळ कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत जीवसांख्यिकीचे अध्यापन करीत होते. १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेत आले. परिषदेत १९३० पासून एक छोटा सांख्यिकी विभाग होता. सुखात्मे यांच्या काळात तो वाढला आणि १९४५ पासून संशोधनाबरोबर प्रशिक्षणाचेही केंद्र झाला. याच शाखेचे पुढे १९५९ मध्ये स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. आज ती भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. ३ जानेवारी १९४७ रोजी भारतीय कृषी सांख्यिकी परिषद (इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स) स्थापन झाली. राजेंद्र प्रसाद हे तिचे पहिले अध्यक्ष होते. तिच्या उभारणीतही सुखात्मे यांचा मोठा वाटा होता.

आणेवारी आणि तिच्या मर्यादा

सुखात्मे यांचे काम समजण्यासाठी त्यापूर्वीची पद्धत माहीत असावी लागते. ब्रिटिश काळात पिकाचे उत्पादन तीन आकड्यांच्या गुणाकाराने ठरत असे: पेरणीचे क्षेत्र, त्या भागाचे ठरीव सामान्य उत्पादन आणि हंगामाची आणेवारी. पहिला आकडा रयतवारी मुलखात बऱ्यापैकी विश्वसनीय होता, कारण पटवारी किंवा तलाठी दरवर्षी शेतवार नोंद ठेवीत असे. दुसरा आकडा वर्षानुवर्षे न बदलता कागदावर राही. तिसरा केवळ नजरेचा अंदाज असे. पूर्ण पीक सोळा आणे धरायचे आणि गावात फिरून यंदा पीक किती आणे आहे ते ठरवायचे. आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असल्याने ती खाली ठेवण्याकडे गावाचा कल असे. वरच्या अधिकाऱ्यांची ओढ अर्थातच उलट असे. शिवाय चांगल्या वर्षीही पीक सामान्याहून कमीच आहे असे नोंदवण्याची कारकुनी सावधगिरी होतीच. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने आणि १९३४ च्या बाउली-रॉबर्टसन अहवालाने या आकड्यांवर कठोर टीका केली होती. पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या शिधावाटपाच्या वर्षांत हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न राहिला नाही. देशात धान्य किती आहे हे सरकारला खात्रीने सांगता येत नव्हते.

यावर उपाय म्हणजे शेतातला एक ठरावीक आकाराचा तुकडा आखून त्यातील पीक प्रत्यक्ष कापायचे, मळायचे आणि तोलायचे. हा तुकडा मात्र कोणाच्या पसंतीने ठरवायचा नाही. गाव, शेत आणि शेतातील जागा या तिन्हींची निवड यादृच्छिक आकड्यांनी, म्हणजे सोडतीसारखी करायची. अशी पद्धत हबॅक या सनदी अधिकाऱ्याने बिहार व ओरिसात १९२० च्या दशकात भातावर वापरून पाहिली होती. महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या मोठ्या पाहण्या केल्या. सुखात्मे यांनी १९४३–४४ च्या सुमारास गव्हापासून सुरुवात करून ती निरनिराळ्या प्रांतांत नेली. त्यांच्या आराखड्यात तालुका किंवा तहसील हा स्तर, त्यातून काही गावे, प्रत्येक गावातून साधारण दोन शेते आणि प्रत्येक शेतात एक तुकडा अशी उतरंड असे. तुकडा ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. मेट्रिक मापे आल्यावर बहुतेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटर हा जो प्रमाण तुकडा रूढ झाला, तो या जुन्या मापाच्या अगदी जवळ जातो.

तुकड्याच्या आकाराचा वाद

महालनोबीस यांचे अन्वेषक याहून कितीतरी लहान तुकडे घेत. दोन ते चार फूट त्रिज्येची वर्तुळे ते कापीत. लहान तुकडा स्वस्त पडतो, वेळ कमी लागतो आणि तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणे पाहता येतात. सिद्धान्ताच्या दृष्टीने हा मुद्दा बरोबरच होता. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला तो शेतात प्रत्यक्ष काय घडते यावर. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न कापणाऱ्याला पावलोपावली पडतो आणि शंका असेल तेव्हा त्याचा हात रोप आत धरण्याकडे वळतो. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे होत नाही. ती नेहमी एकाच दिशेने होते. म्हणून कितीही तुकडे घेतले तरी सरासरीत ती विरून जात नाही. संख्याशास्त्रात अशा एकतर्फी चुकीला अभिनती म्हणतात.

साध्या अंकगणिताने हे पडताळता येते. कापणाऱ्याने चहूबाजूंनी सीमेबाहेर केवळ दोन इंचांपर्यंतची रोपे आत धरली असे समजू. ३३ बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्यात त्यामुळे क्षेत्र सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात तीच दोन इंचांची ढिलाई क्षेत्र १७ टक्क्यांनी वाढवते. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. सुखात्मे यांनी संयुक्त प्रांतातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत वेगवेगळ्या मापांचे त्रिकोण आणि वर्तुळे एकत्र आखून हा परिणाम मोजला. लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन मोठ्या तुकड्यांच्या मानाने ठळकपणे फुगलेले निघाले. हे निष्कर्ष त्यांनी १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात आणि १९४७ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या मुखपत्रात प्रसिद्ध केले.

महालनोबीस यांनी हे मत पूर्णपणे मान्य केले नाही. प्रशिक्षित, पूर्णवेळ अन्वेषक असतील तर चार फूट त्रिज्येच्या वर्तुळातही अभिनती नगण्य राहते, असे त्यांचे म्हणणे होते. वादाचे खरे मूळ येथेच होते. महालनोबीस यांना महसूल यंत्रणेपासून अलिप्त असे स्वतंत्र सांख्यिकी पथक हवे होते. सुखात्मे यांच्या मते एवढ्या मोठ्या देशात पाच-सहा लाख गावांपर्यंत आधीच पोहोचलेली महसूल व कृषी खात्याची यंत्रणाच हे काम कायमस्वरूपी करू शकेल. म्हणून पद्धतच अशी आखली पाहिजे की, साधारण प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याच्या हातूनही ती बिघडू नये. मोठा तुकडा हा त्या व्यावहारिक तडजोडीचा भाग होता. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने स्वतःचे पीक अंदाज काढायला सुरुवात केली तेव्हा दोन्ही मालिका काही वर्षे समांतर चालल्या आणि त्यांच्यातील तफावतीने नियोजनकर्त्यांना हैराण केले. अखेरीस टिकली ती महसूल यंत्रणेवर आधारलेली पद्धत. पण महालनोबीस यांची शंका अगदीच निराधार नव्हती. ज्याच्यावर इतर वीस कामांचा भार आहे, त्याच्याकडून कापणी वेळेवर होत नाही हे पुढे वारंवार आढळले. त्यामुळे १९७३–७४ पासून पीक आकडेवारी सुधारणा योजनेखाली या प्रयोगांची नमुना तपासणी करावी लागली.

वऱ्हाडातील कापूस

अन्नधान्याखेरीज कापसावरही याच काळात काम झाले. त्याचे नेतृत्व सुखात्मे यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांच्याकडे होते. पानसे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. मध्यप्रांत व वऱ्हाडातील कापसाच्या पाहण्यांत त्यांच्याबरोबर आर. जे. काळमकर होते. काळमकर यांनी स्वतः १९३० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे नमुना पद्धतीवर संशोधन केले होते. कापसाची अडचण गव्हासारखी नव्हती. गहू एकदाच कापला की काम संपते. कापसाचे बोंड मात्र एकाच वेळी फुटत नाही. दिवाळीच्या आसपास सुरू होणारी वेचणी अनेक आठवडे चालते आणि तीन-चार वेळा तरी होते. आखलेला तुकडा खुणा न हलवता तेवढा काळ राखायचा, प्रत्येक वेचणीला हजर राहायचे आणि वजन वेगळे टिपायचे, असे हे चिकाटीचे काम होते. एक वेचणी चुकली तर साऱ्या नोंदी वाया जात. तुकड्याच्या मापावरच्या वादात पानसे यांनीही कापसाच्या अनुभवावरून १९४६–४७ मध्ये लेख लिहिले. सुखात्मे १९५१ मध्ये परदेशी गेल्यावर परिषदेच्या सांख्यिकी शाखेची धुरा पानसे यांनीच सांभाळली. या दोघांनी मिळून लिहिलेला स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स (१९५४) हा ग्रंथ भारतातील कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. अकोला किंवा अमरावतीच्या कृषी पदवीधराला सुखात्मे हे नाव बहुधा प्रथम या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच भेटते.

या पद्धतीचे महत्त्व आज शेतकऱ्याच्या दृष्टीने उलट वाढले आहे. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्याचे उदाहरण घेता येईल. सोयाबीन, कापूस व तूर ही तेथील खरिपाची पिके. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उत्पादनावर आधारित भरपाई एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर ठरत नाही, तर महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. ही सरासरी मंडळातील निवडक शेतांतील पीक कापणी प्रयोगांवरून काढतात. ती ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पादनाच्या खाली जितके टक्के गेली, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई मंडळातील सर्व विमाधारकांना मिळते. म्हणजे सोडतीत निवडलेल्या काही तुकड्यांतले धान्य कसे तोलले गेले यावर शेकडो कुटुंबांचे पैसे अवलंबून असतात. तुकड्याच्या कडेवरची दोन इंचांची ढिलाई इथे सरासरी फुगवते आणि भरपाई घटवते. सुखात्मे यांनी हा प्रश्न अभ्यासला तेव्हा देशाची अन्नस्थिती जाणून घेणे हा हेतू होता. एकेका मंडळाच्या पातळीवर इतका नेमका आकडा मागितला जाईल, हे त्या आराखड्यात गृहीत नव्हते. जिल्ह्यासाठी पुरेसा ठरणारा नमुना मंडळासाठी अपुरा पडतो. म्हणून आता प्रयोगांची संख्या कितीतरी पटींनी वाढवावी लागली आहे.

अन्न व कृषी संघटना (१९५१–१९७०)

१९५१ मध्ये सुखात्मे रोम येथील अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून रुजू झाले आणि सुमारे वीस वर्षे तेथे होते. सदस्य देशांना कृषी गणना व नमुना पाहण्यांची घडी बसवून देणे हे त्यांचे रोजचे काम होते. सॅम्पलिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ अ‍ॅप्लिकेशन्स हा त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची १९७० ची दुसरी आवृत्ती त्यांनी धाकटे बंधू बाळकृष्ण वासुदेव सुखात्मे यांच्यासह सिद्ध केली. बाळकृष्ण हेही नामांकित संख्याशास्त्रज्ञ होते.

याच काळात जगातील उपाशी माणसांची संख्या किती, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत असे विधान केले होते आणि ते सर्वत्र उद्धृत होत असे. या विधानामागचा हेतू उदात्त असला तरी त्याचा सांख्यिकी पाया कच्चा होता. एखाद्या देशाची सरासरी उष्मांक उपलब्धता गरजेपेक्षा कमी आहे म्हणून त्या देशातील प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. तसेच सरासरी पुरेशी आहे म्हणून तेथे कोणीच उपाशी नाही असेही होत नाही. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यात त्यांनी सरासरीऐवजी आहाराचे लोकांमधील वितरण विचारात घेतले. त्यांच्या हिशेबाने जगातील १० ते १५ टक्के लोक अल्पपोषित होते आणि भूक किंवा कुपोषण यांपैकी काही ना काही सोसणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत होते. संघटनेच्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत (१९६३) हीच पद्धत वापरली गेली. त्याच वर्षी सोसायटीने त्यांना गाय पदक (रौप्य) दिले. संघटना आजही दरवर्षी अल्पपोषितांचे जे प्रमाण जाहीर करते आणि शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशकांत ज्याचा समावेश आहे, त्याच्या पद्धतीचे मूळ या निबंधात आहे.

प्रथिनांचा प्रश्न

१९६० च्या दशकात गरीब देशांची मुख्य उणीव प्रथिनांची आहे, असे मत प्रबळ झाले होते. संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर प्रथिन संकटाच्या निवारणासाठी अहवाल निघाले आणि माशांचे पीठ, प्रथिनयुक्त बिस्किटे व संपृक्त धान्ये यांचे कार्यक्रम आखले गेले. सुखात्मे यांनी भारतीय आहार पाहण्यांची आकडेवारी तपासून याला विरोध केला. ज्वारी, गहू आणि डाळ यांचा आहार पोटभर मिळाला तर त्यातून प्रथिनांची गरज बहुधा भागते. प्रथिनांची कमतरता दिसते तेथे मुळात अन्नच कमी असते आणि अपुऱ्या आहारात शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७४ मध्ये त्यांनी हे विवेचन पुन्हा रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर मांडले. त्या दशकात आंतरराष्ट्रीय पोषणतज्ज्ञांचे मतही या दिशेला वळले. भाकरी आणि वरण यांची बाजू एका संख्याशास्त्रज्ञाने इतक्या नेटाने लढवली, हे पोषणशास्त्राच्या इतिहासात विरळाच.

सुखात्मे-मार्गेन प्रतिपादन आणि दारिद्र्यरेषेचा वाद

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात स्थायिक झाले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत संशोधन करू लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी मांडलेले प्रतिपादन त्यांचे सर्वांत वादग्रस्त काम ठरले. एकच निरोगी माणूस, तेच काम आणि तेच वजन असतानाही त्याचा उष्मांकांचा खर्च व आहार एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात बराच बदलतो; हा बदल मोजणीतली चूक नसून शरीराच्या स्वनियमनाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मग सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण अल्पपोषित ठरत नाही. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा केल्यावर जी मर्यादा येते तिच्याही खाली जो आहे, तोच तसा मानावा. उदाहरणादाखल, सरासरी गरज २४०० उष्मांक आणि विचलन १५ टक्के धरले तर ही मर्यादा १६८० वर येते.

याचा राजकीय अर्थ मोठा होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २२५० उष्मांकांचा निकष लावून १९६०–६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे दाखवले होते. नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांक ही प्रमाणे घेतली. सुखात्मे यांची मर्यादा लावली तर गरिबांची संख्या बरीच खाली येत होती. दांडेकर आणि सुखात्मे हे दोघेही सातारा जिल्ह्यात जन्मलेले व पुण्यात राहणारे. दोघेही नमुना पाहणीचे जाणकार. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर १९८१–८२ मध्ये त्यांच्यात झालेला वाद भारतीय दारिद्र्यमापनाच्या अभ्यासात आजही वाचला जातो. एका व्यक्तीच्या आहारात आठवड्यागणिक चढउतार असतील, पण ते सरासरीच्या दोन्ही बाजूंना असायला हवेत. गरीब समूहाचा आहार मात्र सातत्याने एकाच बाजूला, खाली राहतो, तेव्हा त्याला चढउतार कसे म्हणावे, हा टीकाकारांचा मुख्य मुद्दा होता. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते ते वाढ आणि कार्यशक्ती यांची किंमत देऊन, याकडे लक्ष वेधले. वर्षामागून वर्ष अर्धपोटी राहणाऱ्या मजुराला हे प्रतिपादन लागू करणे कठीणच आहे. दुसरीकडे, सरासरी गरज हीच किमान मर्यादा मानण्यातली चूक सुखात्मे यांनी दाखवून दिली होती आणि तिचे उत्तर त्यांच्या अनेक विरोधकांकडे नव्हते.

सुखात्मे गरिबी कमी लेखतात, हा आरोप त्यांच्यावर सतत झाला. त्यांच्या त्या वर्षांतील लिखाणाचा दुसरा भाग मात्र चर्चेत मागे पडला. अशुद्ध पाणी, जंत आणि अतिसार यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून केवळ धान्य वाटण्यापेक्षा स्वच्छ पाणी, शौचालये आणि आरोग्यशिक्षण यांवर खर्च व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. पुण्यात स्वस्त व सकस जेवण पुरवण्यासाठी उभारलेल्या इंदिरा सामुदायिक स्वयंपाकघर प्रकल्पातही त्यांनी पुढाकार घेतला होता. भारताच्या अन्नप्रश्नावरील त्यांचे फीडिंग इंडियाज ग्रोइंग मिलियन्स हे पुस्तक त्याआधीच, १९६५ मध्ये, प्रसिद्ध झाले होते.

सन्मान आणि स्मृती

भारत सरकारने १९७१ मध्ये सुखात्मे यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २००० साली प्रा. पां. वा. सुखात्मे राष्ट्रीय सांख्यिकी पुरस्कार सुरू केला. तो ४५ वर्षांहून अधिक वयाच्या संख्याशास्त्रज्ञांना दिला जातो आणि तरुणांसाठीचा पुरस्कार सी. आर. राव यांच्या नावे आहे. दोन्ही एकाआड एक वर्षी, २९ जूनला महालनोबीस यांच्या जयंतीदिनी साजऱ्या होणाऱ्या सांख्यिकी दिनाच्या निमित्ताने दिले जातात. तुकड्याच्या आकारावरून ज्यांच्याशी वाद झाला, त्यांच्याच जयंतीला सुखात्मे यांच्या नावाचा गौरव होतो हा योगायोग मजेशीर आहे. वयाची अट मात्र त्यांच्या चरित्राशी जुळत नाही. आंतरराष्ट्रीय शासकीय सांख्यिकी संघटना सरकारी आकडेवारीवर काम करणाऱ्या तरुणांसाठी शोधनिबंध स्पर्धा घेते आणि तिची वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे. स्तरवार नमुन्यावरचा १९३५ चा निबंध सुखात्मे यांनी चोविसाव्या वर्षी लिहिला, तर लहान तुकड्यांच्या अभिनतीवरची नेचरमधील १९४६ ची टिपणी चौतिसाव्या.

सुखात्मे यांनी तयार केलेल्या शाखेतून प्रशिक्षण घेतलेले अधिकारी पुढे बहुतेक राज्यांच्या कृषी व अर्थ-सांख्यिकी संचालनालयांत गेले. महाराष्ट्रात पीक कापणी प्रयोग महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद या तीन यंत्रणांचे क्षेत्रीय कर्मचारी गावे वाटून घेऊन करतात. शेत आणि शेतातील तुकडा यादृच्छिक आकड्यांनीच निवडला जातो. अलीकडे कागदी तक्त्याऐवजी मोबाइल अ‍ॅपमध्ये जागेच्या अक्षांश-रेखांशासह व छायाचित्रासह वजनाची नोंद होते. तुकडा आखायला मात्र अजून दोरी, खुंट्या आणि टेपच लागतात.